पाठ लागली की नाही?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या पारनेरकडे पारावर, एसटी स्टँडवर किंवा चहाच्या हॉटेलात चार माणसं बसली आणि विषय पैलवानांचा निघाला, की एक प्रश्न हमखास येतो. आजवरची सगळ्यात निकाली कुस्ती कोणती? म्हणजे जिच्या निकालावर कुणाला बोट ठेवता आलं नाही, अशी कुस्ती कोणती? मग कुणी गामाचं नाव घेतं, कुणी मारुती मानेंचं, कुणी सादिक पंजाबीचं. हल्लीची मुलं मोबाइलवर मुष्टियुद्धं पाहतात. ती माइक टायसनचं नाव घेतात. चहा संपतो, वाद संपत नाही.

मी व्यवसायाने शिक्षक. पण तालुक्यातल्या गावोगावच्या हगाम्यांत पंच म्हणून पंचवीसेक वर्षं मातीत उभा राहिलो आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मला जरा वेगळ्या बाजूने पाहता येतं. लोक जिंकणाऱ्याकडे पाहतात. पंचाला हरणाऱ्याकडे, त्यातही त्याच्या पाठीकडे पाहावं लागतं.

ज्यांना आमच्याकडची ही पद्धत माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नगर-पुणे भागात यात्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. आमचा तालुका कोरडवाहू. पोटासाठी मुंबईला गेलेली माणसं यात्रेला घरी येतात. पहिल्या दिवशी देवाची पालखी, रात्री तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन कललं की हगामा. नांगरून, खडे वेचून, पाणी मारून मऊ केलेलं एखादं शेत किंवा ओढ्याकाठची जागा हे मैदान. हलगी वाजायला लागते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग पन्नास, शंभर, पाचशे असं करत इनाम चढत जातं. शेवटची कुस्ती सगळ्यात मोठ्या इनामाची. पंचाच्या हातात ना शिट्टी, ना घड्याळ. डोक्याला फेटा, आणि नजर पैलवानाच्या खांद्यांवर.

मातीच्या कुस्तीला गुण नसतात. एकाने दुसऱ्याला दहा वेळा खाली घेतलं, पाठीवर स्वारी केली, पट काढला, तरी त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दोन्ही खांदे मातीला टेकले आणि तोंड आभाळाकडे झालं, तर चीत. तोवर काही नाही. म्हणून ‘निकाली’ हा शब्द आमच्याकडे फार जड आहे. यात्रेच्या हँडबिलावरच छापलेलं असतं, की कुस्ती निकाली झाली पाहिजे, नूरा कुस्तीला इनाम मिळणार नाही. नूरा म्हणजे आधी ठरवून, संगनमताने केलेली. लोकांनी पट्टी काढून इनाम जमवलेलं असतं. त्यांना पैशाचं मोल हवं असतं.

आता गंमत अशी, की निकालाची व्याख्या इतकी साधी असूनही सगळी भांडणं तिथेच होतात. पाठ लागते ती क्षणभर. पैलवान लगेच पुलावर जातो, मान टेकवून अंग उचलतो, कूस बदलतो. पूर्वेला बसलेल्यांना दोन्ही खांदे टेकलेले दिसतात, पश्चिमेला बसलेल्यांना एक खांदा वर दिसतो. दोघेही खोटं बोलत नसतात. पंचाने योग्य जागी नसणं, किंवा त्याच्या आणि खांद्याच्या मध्ये दुसऱ्या पैलवानाचा दंड येणं, एवढंही पुरतं.

म्हणून मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठरवल्या आहेत. विजय निर्विवाद म्हणायचा, तर पहिली गोष्ट, तो मैदानाच्या चारी बाजूंना दिसला पाहिजे. तो कागदावर मोजून ठरलेला नसावा. दुसरी गोष्ट, हरणारा त्या दिवशी भरात असला पाहिजे. म्हाताऱ्या, जखमी किंवा दमलेल्या पैलवानाला पाडलं, तर विजय खरा. पण तो निर्विवाद म्हणता येणार नाही. आणि तिसरी गोष्ट, हरणाऱ्याने तो मान्य केला पाहिजे. या तीन कसोट्या लावून आपण काही नावाजलेल्या लढती पाहू.

सुरुवात परदेशापासून करू. मुष्टियुद्धातला जगज्जेता म्हटलं, की हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गट. तिथे पडलेल्या माणसाला उठायला दहा आकडे मिळतात. आमच्या मातीत पडलेल्याला एक क्षणही मिळत नाही. त्यामुळे वाटतं, की मुष्टियुद्धात तरी वाद नसावा. दहा मोजले, माणूस उठला नाही, संपलं. पण तसं नाही. १९२७ साली शिकागोत जीन टनी आणि जॅक डेम्प्सी लढले. डेम्प्सीने टनीला पाडलं, पण नियमाप्रमाणे तो लगेच दूरच्या कोपऱ्यात गेला नाही. पंचाने मोजणी उशिरा सुरू केली. टनी उठला आणि शेवटी जिंकला. त्या जास्तीच्या तीन-चार सेकंदांवर आज शंभर वर्षं होत आली तरी लिहिलं जातं. १९६५ साली महंमद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत लोळवलं. पण तो ठोसा इतका झटकन बसला, की अनेकांना तो दिसलाच नाही. लिस्टन मुद्दाम पडला, असं म्हणणारे आजही आहेत. माझ्या पहिल्या कसोटीवर ही लढत नापास.

१९३८ चा जो लुई घ्या. दोन वर्षांपूर्वी, १९३६ साली, जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत पाडलं होतं. २२ जून १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर पुन्हा गाठ पडली. एका बाजूला हिटलरच्या जर्मनीचा पैलवान, दुसऱ्या बाजूला ज्याला स्वतःच्या देशात गोऱ्यांच्या पंगतीला बसता येत नव्हतं असा काळा अमेरिकन. लुईने दोन मिनिटं आणि चार सेकंदांत काम संपवलं. पण तेव्हाही श्मेलिंगच्या बाजूने तक्रार झालीच, की एक ठोसा मूत्रपिंडावर, म्हणजे चुकीच्या जागी बसला. तिसरी कसोटी त्या दिवशी तरी अपुरी राहिली. पुढे हे दोघे चांगले मित्र झाले, ही गोष्ट मला त्या दोन मिनिटांइतकीच मोठी वाटते.

टायसनचं नाव घेणाऱ्या मुलांना मी टोकियो आठवायला सांगतो. फेब्रुवारी १९९० मध्ये बस्टर डग्लसने, ज्याच्यावर कुणी पैसे लावायला तयार नव्हतं, टायसनला दहाव्या फेरीत खाली घातलं. टायसन तोंडातून पडलेली दातांची पट्टी चाचपडत होता, हे साऱ्या जगाने पाहिलं. तरीही लढत संपल्यावर तक्रार झाली, की आठव्या फेरीत डग्लस पडला तेव्हा पंचाने हळू मोजलं. काही दिवस निकाल लोंबकळत राहिला, मग तक्रार मागे पडली. डोळ्यांदेखत झालेल्या गोष्टीवरही वाद घालता येतो, तो असा.

माझ्या कसोट्यांना त्यातल्या त्यात उतरते ती २२ जानेवारी १९७३ ची किंग्स्टनची लढत. जो फ्रेझर तेव्हा अपराजित होता, दोन वर्षांपूर्वी त्याने अलीला हरवलं होतं. जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. सहाव्यांदा पंचाने लढत थांबवली. इथे मोजणीचा प्रश्न नाही, ठोसा दिसला नाही असं नाही, फ्रेझर म्हातारा होता असंही नाही.

आता आपल्या मातीत येऊ. गामाची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोरासमोर आले. गामाचा जोर पाहिल्यावर झिबिस्को गुडघ्या-तळव्यांवर खाली बसला आणि मॅटला चिकटून राहिला. ही कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली. निकाल नाही. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, झिबिस्को आलाच नाही. गामाला विजयी जाहीर केलं गेलं. विजय झाला, पण आमच्या गावचा म्हातारा विचारील, “पाठ कुठं लागली?”

ते उत्तर यायला अठरा वर्षं गेली. १९२८ च्या जानेवारीत पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा बोलावलं. या वेळी माती, आणि भोवती हजारो लोक. लंडनला अडीच तासांत जे झालं नाही, ते इथे एका मिनिटाच्या आत झालं. झिबिस्कोने नंतर गामाला वाघ म्हटलं, असं सांगतात. पहिली कसोटी उतरली, तिसरी उतरली. अडकलं ते दुसरीत. दोघेही तेव्हा पन्नाशीच्या घरात होते. गामाच्या भक्तांना हे आवडणार नाही, पण दोन म्हाताऱ्या वाघांच्या कुस्तीवरून तरुणपणीचा हिशेब पुरता होतो का, हा प्रश्न उरतोच.

जाता जाता एक सांगतो. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं. युरोपात पाहिलेल्या रोमच्या जुन्या आखाड्याची कल्पना त्यांच्या डोळ्यांपुढे होती. १९१२ साली तिथे पहिली मोठी कुस्ती गामाचा भाऊ इमामबक्ष याने जिंकली. या मैदानाची रचना पाहिली, की मला महाराजांच्या बुद्धीचं कौतुक वाटतं. हौद मधे, आणि भोवती चढत जाणारी बैठक. सगळ्यात मागच्या माणसालाही पाठ लागली की नाही ते दिसावं, ही सोय आहे. निकाल सगळ्यांना दिसला, तर दंगा होत नाही. कुस्तीचं मैदान बांधणाऱ्याने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आता खाशाबा जाधवांकडे येतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. वजन हलकं, पण चपळाई अशी, की मोठमोठे गोंधळून जात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या आधी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. विचार करा. एक गुण. माती असती तर गुणाचा प्रश्नच आला नसता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्ती कळत होती. खाशाबांना निवड चाचणीत संधी मिळाली, आणि तिथे त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ लोळवलं. गुण मोजणाऱ्याला पेन्सिल उचलायचं काम ठेवलं नाही.

पण जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावानेही हातभार लावला. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती लांबली आणि ते गुणांवर हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती. ती मागायला, भांडायला त्यांच्या बाजूने कुणी अधिकारी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडलं, तेही टेनिसमध्ये. मामेदबेयोवचा विजय खोटा नव्हता. पण माझ्या दुसऱ्या कसोटीत तो बसत नाही, कारण समोरच्याला श्वास घ्यायला वेळ दिलेला नव्हता. कांस्यपदकाच्या मागे असं एक अर्ध्या तासाचं देणं राहून गेलं आहे.

साठीच्या आसपास महाराष्ट्राची कुस्ती भरात आली. १९५९ साली दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिल्या हिंदकेसरीचा मान मिळवला. पुढच्याच वर्षी तो गणपतराव आंदळकरांना मिळाला. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि आंदळकर यांनी एक-एक सुवर्ण आणि एक-एक रौप्य आणलं. १९७७ साली बेळगावला हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला पाडलं, ती कुस्ती आमच्या पिढीने रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून जगली. पुढे याच सतपालने १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. त्यावरून बिराजदारांनी कुणाला पाडलं होतं, हे लक्षात यावं.

इथे गादीबद्दल, म्हणजे मॅटबद्दल बोललं पाहिजे. आज मोठी कुस्ती मॅटवर होते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. खाली घेतलं की दोन गुण, पाठ धोक्यात आणून फेकलं की चार, रिंगणाबाहेर ढकललं की एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबते. चितपट हा राजमार्ग अजून आहेच, पण त्याच्या शेजारी आता पुष्कळ पायवाटा झाल्या आहेत. जुने लोक याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. मातीत दोन-दोन तास लोंबकळून शेवटी पंचाने हात धरून सोडवलेल्या, बरोबरीतल्या कुस्त्या मी फार पाहिल्या आहेत. त्यात पैलवानाचा जीव जातो आणि लोकांचाही. मॅटने निकालाची खात्री दिली. मात्र त्याबरोबर वादाच्या नव्या जागाही दिल्या. दोन की चार? पाय आधी बाहेर गेला की डाव आधी पुरा झाला?

जानेवारी २०२३ ची पुण्यातली महाराष्ट्र केसरी आठवा. माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला टांग मारली, पंचांनी चार गुण दिले. ते चार की दोन, यावर राज्यभर रणकंदन झालं. मग किताबाच्या कुस्तीत शिवराज राक्षेने महेंद्रला मिनिटभराच्या आत चितपट केलं. आता बघा. किताबाची कुस्ती स्वच्छ, निकाली. पण लोकांच्या तोंडी राहिली ती आदली, चार गुणांची. वादग्रस्त कुस्ती शेजारच्या निकाली कुस्तीचंही तेज खाते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यात फुलगावला पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत एका बाजूला किताबाचा मानकरी शिवराज राक्षे, दुसऱ्या बाजूला दहा महिने मनात सल घेऊन फिरणारा सिकंदर शेख. अर्धं मिनिटही झालं नसेल, सिकंदरने शिवराजला चितपट केलं. पंचांकडे बोट दाखवायला जागाच उरली नाही. आणि शिवराज भरात नव्हता म्हणावं, तर त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेच्या महाराष्ट्र केसरीत तोच अजिंक्य ठरला. पारावर मला कुणी विचारलं, की अलीकडची सगळ्यात निर्विवाद कुस्ती कोणती, तर मी फुलगावचं नाव घेतो. सिकंदरने चार गुणांच्या वादाला तोंडाने उत्तर दिलं असतं, तर ते आठ दिवस टिकलं असतं. त्याने ते अर्ध्या मिनिटात मैदानावर दिलं.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२५ साली महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरला, वाडिया पार्कवर आली. पारनेरहून जीप भरभरून लोक गेले. २ फेब्रुवारीला गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निकाल पंचांनी दिला. शिवराजचं म्हणणं, माझी पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, चित्रीकरण पाहा. बोलाचाली वाढली, आणि शिवराजने पंचांना लाथ मारली. नंतर किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणांच्या निर्णयावर चिडून काही सेकंद शिल्लक असताना मॅट सोडून गेला. पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र यांच्यावर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पाठ लागली होती की नव्हती, यावर मी इथे निकाल देणार नाही. मी त्या जागी, त्या कोनात नव्हतो. पंचावर हात किंवा पाय उगारणं याला क्षमा नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. तरी त्या दिवशी नुकसान कुणाकुणाचं झालं ते पाहा. शिवराजचं झालं, कारण पैलवानाच्या भराची वर्षं मोजकी असतात, त्यातली तीन जाणं म्हणजे काय हे ज्याने खुराकाचा खर्च केला आहे त्याला विचारा. पंचांचं झालं. आणि सगळ्यात जास्त पृथ्वीराजचं झालं. त्या मुलाने गदा खांद्यावर घेतली, पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो लाथेचा होता. निर्विवाद विजय हा जिंकणाऱ्याचा हक्क असतो. तो त्याला मिळाला नाही, तर त्याची गदा अर्धीच राहते.

आणखी एक. त्याच वर्षी मार्चअखेर आमच्याच जिल्ह्यात, कर्जतला, दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि वेताळ शेळके विजेता ठरला. एका जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी. दोघेही मेहनतीचे पैलवान. पण संघटना दोन असल्या, की ‘महाराष्ट्राचा पहिला पैलवान कोण’ या प्रश्नालाच दोन उत्तरं होतात. मैदानावर कुस्ती निकाली झाली, तरी कागदावर ती बरोबरीत सुटते.

तिसऱ्या कसोटीबद्दल, म्हणजे हरणाऱ्याने मान्य करण्याबद्दल, मी थोडं अधिक बोलतो, कारण तिचं मोल मला आमच्या तालुक्यातल्या एका हगाम्यात कळलं. गावाचं नाव नको. शेवटून दुसरी कुस्ती, इनाम अकरा हजारांचं. एक पोरगा गावचा, दुसरा नदीपलीकडचा. दहा-बारा मिनिटं खडाखडी आणि झटापट झाली. पाहुण्याने घिस्सा मारला, गावचा पोरगा फिरला, त्याची पाठ लागली आणि तो लगेच पोटावर आला. मी त्या बाजूलाच वाकलेलो होतो, मला दोन्ही खांदे दिसले. पण गावची सगळी मंडळी समोरच्या बांधावर. त्यांना दिसली ती फक्त पाहुण्याची पाठ. मी पाहुण्याचा हात वर केला आणि माणसं मैदानात घुसली. हलगी थांबली. यात्रा कमिटीतले एक ज्येष्ठ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “गुरुजी, बरोबरीत सोडा. इनाम वाटून देऊ. यात्रेत वाकडं नको.”

बरोबरीत सोडणं सोपं होतं. पण तो पाहुणा पोरगा माझ्याकडे नुसता बघत उभा होता. इतक्यात गर्दीतून गावचाच पोरगा पुढे आला, अंगाला माती तशीच. म्हणाला, “गुरुजी, लागली पाठ.” त्याचा चुलता ओरडला, “तुला काय कळतंय रं?” पोरगा म्हणाला, “माझीच पाठ हाय, तात्या. मला नाय कळणार तर कुणाला?”

आणि त्याने पाहुण्याचा हात धरून वर केला. लोक दोन क्षण गप्प झाले, मग हसले, मग हलगी पुन्हा सुरू झाली. मी तो निकाल दिला असता तरी वाद राहिला असता. त्या पोराने दिला आणि मिटला. अकरा हजारांतला एक रुपया त्याला मिळाला नाही. घरी वर्षभर दूध-बदाम घातलेल्या चुलत्याने काही दिवस अबोला धरला, हेही मला नंतर कळलं. पण पुढच्या यात्रेला त्या पोराची जोड लावताना कमिटीला विचार करावा लागला नाही. ज्याच्या हरण्यावर विश्वास ठेवता येतो, त्याच्या जिंकण्यावर कुणी शंका घेत नाही.

तेव्हा श्रोतेहो, पारावरच्या त्या वादात माझं म्हणणं एवढंच आहे. मिनिटं-सेकंद जरूर मोजा, पण निर्विवाद विजय ठरवायला घड्याळ पुरत नाही. त्यासाठी माणसांना दिसेल असं मैदान लागतं, योग्य जागी उभा असलेला पंच लागतो, आणि हरल्यावर खरं बोलणारा पैलवान लागतो.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. मोठ्या स्पर्धेत चारी बाजूंनी कॅमेरे असावेत, आणि पाठीचा वाद झाला तर ते चित्रण तिथल्या तिथे पडद्यावर लोकांना दाखवावं. ज्याने विजय मिळवला त्याला याची भीती नसते, आणि पंचाला तर नसतेच नसते. लहान हगाम्यात एकाऐवजी दोन पंच समोरासमोर उभे करावेत. खर्च एका फेट्याचा. पंचांची शिबिरं तालुक्याच्या ठिकाणी व्हावीत. पैलवानाला वर्षानुवर्षं शिकवून मैदानात उतरवतात. पंचाला मात्र गावातला वजनदार माणूस म्हणून उभं करतात, हे बरोबर नाही.

तिसरी गोष्ट तालमीत शिकवावी लागते. जुने वस्ताद पोराला पहिला डाव शिकवायच्या आधी पडायला शिकवत, म्हणजे हात-पाय मोडू नयेत. त्यात पडल्याचं कबूल करायलाही शिकवावं. आता मुलीही या मैदानात आल्या आहेत. २०२३ पासून महिला महाराष्ट्र केसरी सुरू झाली, शेजारच्या श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडने तो किताब जिंकला. या मुली आज ज्या तालमीत उतरतात, तिथे त्यांना जिंकण्याबरोबर हेही मिळालं पाहिजे.

यंदाच्या चैत्रात आमच्याकडे या. कुठल्याही गावच्या यात्रेत दुपारी चारच्या सुमाराला हलगीच्या आवाजाच्या दिशेने चालत राहा. बांधावर जागा मिळाली तर बसा, आणि पंचाच्या अगदी समोरची बाजू धरा. पाठ लागली, की तुम्हालाही दिसेल.